वाळूत रुतलेली आखिती

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, आखितीच्या दिवशी, मी माझ्या आत्याला तिच्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जीपमधून न्यायचं कबूल केलं, आणि तिला जीपमध्ये बसवायच्या आधीच जीप वाळूत रुतवून ठेवली.

झालं. सांगण्यासारखं एवढंच. बाकीचं सगळं या एका वाक्याला लावलेलं ठिगळ आहे, आणि ठिगळं लावण्यात मी पहिल्यापासून हुशार. माझे घोटाळे मी चारचौघांत इतके रंगवून सांगतो की ऐकणाऱ्यांना वाटतं, याचं आयुष्य मजेत गेलं असणार. हा एक घोटाळा मात्र मी बैठकीत कधी काढत नाही. काढून पाहिला होता. लोक हसले, आणि मला त्यांचा राग आला.

यंदा तळं पुन्हा आटलं आहे. गेल्या पावसाळ्यानं हात आखडता घेतला आणि माघ संपता संपताच पाणी काठ सोडून आत सरकायला लागलं. तिकडून वारा सुटला की लोणावळ्याच्या बाजारापर्यंत त्याचा वास येतो. ओल्या गाळाचा, कुजलेल्या लव्हाळ्याचा, उन्हात भाजलेल्या शिंपल्यांचा. हवा खायला आलेले मुंबईकर नाकाला रुमाल लावतात. मी वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसलेला असतो; वास आला की उठून आत जातो आणि कारण नसताना लाकडं इकडची तिकडं रचायला लागतो. दादा, माझा थोरला भाऊ, वखारीचा खरा मालक, मान वर न करता विचारतो, "आलं का तळं?"

मी म्हणतो, "आलं."

आमचं बोलणं तिथंच संपतं.

हे तळं काही देवानं केलेलं नाही. माझ्या जन्माच्या आगेमागे वीज काढणाऱ्या कंपनीनं डोंगरांच्या मध्ये भिंत घातली, पाणी अडवलं, आणि ते पाणी नळांतून घाटाखाली सोडून त्यावर मुंबईचे दिवे लावले. पाणी अडलं तिथं एक वाडी होती. माणसं उठून कुसगावात आणि मळवलीकडं पांगली. वाडीचं खरं नाव आता कुणी घेत नाही. सगळे तिला 'खालची वाडी' म्हणतात. जणू ती अजून तिथंच आहे आणि जरा जिना उतरून गेलं की झालं.

आत्या त्या वाडीतली सून. तिचं घर बुडालं तेव्हा ती विशीतली होती. माझी आई मी कळता व्हायच्या आत गेली. वडिलांनी दादाला वखारीत ठेवून घेतलं आणि मला आत्याच्या पदरात टाकलं. कुसगावात तिच्या घरी मी वाढलो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ती मला पाठीवर घेऊन पलीकडं शाळेच्या वाटेला लावायची. तिच्या ओल्या इरल्याचा वास, त्याखालचा अंधार, आणि पायाखाली पाणी धावतंय म्हणून मी तिच्या गळ्याला मारलेली मिठी. "आरं मुडद्या, नरडं सोड, मरंन मी," असं ती ओरडायची. मी सोडायचो नाही. चांगला मोठा होईपर्यंत मी तिच्या पाठीवरून शाळेत गेलो. स्वतःच्या पायांनी ओढा ओलांडता येतो हे मला फार उशिरा कळलं.

आखिती म्हणजे अक्षय्यतृतीया. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचं मडकं पाण्यानं भरून ठेवायचं, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवायचं. वैशाखात त्यांनाही तहान लागते. खालच्या वाडीचे लोक ही मडकी घरात ठेवत नाहीत. आखितीला सगळे तळ्यावर जमतात. पाणी जिथवर उतरलं असेल तिथवर आत जातात, आणि आपापलं घर ज्या बाजूला होतं तिकडं तोंड करून मडकं ठेवतात. लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, "ते वर्षभर पाण्यातच असतात, त्यांना पाणी कशाला?" त्यावर वडिलांनी माझ्या कानशिलात मारली होती. आत्या नुसती म्हणाली होती, "त्ये पानी त्येंचं न्हवं. हे घरचं हाय."

पाणी उतरलं की तळ्याचा तो कोपरा ओळखू येत नाही. वरून ओढा येतो तो दर पावसाळ्यात वाळू आणून तिथं टाकतो. उन्हाळ्यात ती उघडी पडून सुकते आणि घाटातून चढून येणारा दुपारचा वारा तिला ढकलत नेतो. ढकलता ढकलता वाळू अडते कुठं, तर खालच्या वाडीच्या जुन्या शेतांच्या बांधांना. तिथं तिची टेकाडं होतात, माणसापेक्षा उंच, एका बाजूनं गुळगुळीत चढण आणि दुसऱ्या बाजूनं तुटलेला कडा. टेकाडामागं वाऱ्यानं कोरलेला खळगा. खळग्यात वरून कोरडी वाळू दिसते, पण खाली जुन्या भातखाचराचा गाळ असतो आणि तो आतून ओला असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोळ्यांदेखत आत्याची म्हैस तिथं रुतली होती आणि दिवसभर हंबरली होती. मला ते चांगलं आठवत होतं. पण म्हशीला पुढच्या चाकांत वेगळी ताकद नसते, आणि जीपला असते.

आता जीपबद्दल.

लढाईच्या काळात मी देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होतो. तिथं मी गाड्या इकडून तिकडं पाठवायचो, म्हणजे कागदावर. कागदावर इतक्या गाड्या हलवल्या की हळूहळू मला वाटायला लागलं, आपल्याला त्या चालवताही येतात. लढाई संपली, लष्करानं नको झालेला माल लिलावात काढला, आणि मी दादाच्या मागं लागून वखारीसाठी एक जीप घ्यायला लावली. लाकूड ओढायला बैलगाड्या होत्या. जीप मला हवी होती. हिरवा रंग जागोजाग उडालेली, डोक्यावर छप्पर नाही, बाजूला दार नाही, बसलं की हाडं एकमेकांवर आपटायची. पण मी बाजारातून निघालो की रेल्वेच्या चाळीतल्या बाया खिडकीत यायच्या. माझ्याकडं बघायला नव्हे, आवाज कसला ते बघायला. तो फरक मी तेव्हा ध्यानात घेतला नाही.

दादा म्हणायचा, "दत्तू, चालवायला शिकलास, ते ठीक. थांबवायला कधी शिकणार?"

त्या वर्षी तळं पूर्वी कधी नव्हतं इतकं आटलं. आखितीच्या काही दिवस आधी रामभाऊ वखारीत आला. रामभाऊ हा आत्याच्या दिराचा मुलगा, माझ्याच वयाचा. कुसगावात एका अंगणात वाढलेलो आम्ही. पण तो शेतावर राहिला आणि मी डेपोत गेलो, तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलायचा. आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "काकीचं जोतं उगडं पडलंय. दगडी उंबरा दिसतोय. मी डोळ्यानं पाहून आलो."

गाव उठल्यापासून हे पहिल्यांदा घडत होतं. इतकी वर्षं आत्या काठावर उभी राहून अंदाजानं एका बाजूला तोंड करून मडकं ठेवत आली होती. आता उंबराच समोर येणार होता. पण तोवर आत्याचा उजवा गुडघा पार गेला होता. घरातल्या घरात ती भिंत धरून चालायची. काठापासून जोत्यापर्यंत मधून मधून वाळू, बैलगाडी जात नाही. रामभाऊनं बेत केला होता. घोंगडीची झोळी करायची, वेळूच्या दांडीला बांधायची, आणि डोंगराकडच्या वाडीतली दोन माणसं आणि तो स्वतः मिळून तिला उचलून न्यायची.

मी हसलो. "वेडा का काय? ती काय मढं आहे का झोळीतून न्यायला? मोटार आहे की घरात. तिला राणीसारखी नेतो. त्या माणसांना सांग, काही गरज नाही."

रामभाऊ दाराकडं वळला. मग म्हणाला, "झोळी आसू दे संगं."

"असू दे," मी मोठ्या मनानं म्हणालो.

आखितीची दुपार माझ्या डोळ्यांपुढं तुकड्यातुकड्यांनी येते. उन्हानं पांढरी पडलेली वाळू. तडकलेला गाळ, त्याच्या खापऱ्या पायाखाली मोडतानाचा कुडकुड आवाज. पाण्याच्या कडेला एका पायावर उभे बगळे. पूर्वी बुडालेल्या आंब्यांची काळी खोडं, हात वर केल्यासारखी. काठाजवळ गाळपेरीतल्या काकड्यांचे हिरवे पट्टे. पाणी उतरेल तसं लोक मागोमाग पेरत जातात. एक पट्टा रामभाऊचा होता. आणि एकुलतं एक जिवंत झाड, काठावरचा उंबर, त्याच्या सावलीत आत्या बसलेली. कुसगावापासून तिथवर तिला बैलगाडीतून आणलं होतं. नवं लुगडं. पुढ्यात पाटी, पाटीत पानांनी झाकलेलं मडकं, त्यावर खरबूज. ते पाणी तिनं पहाटे घरच्या विहिरीचं, स्वतः उभं राहून भरून घेतलं होतं.

मी जीप घेऊन पोचलो तेव्हा खालच्या वाडीचे सगळे लोक जमले होते. बाया, माणसं, कडेवरची पोरं. जीप त्यांनी इतक्या जवळून पाहिली नव्हती. एका म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. "तापलंय की रं ह्ये!"

"लष्करी आहे, आबा," मी म्हणालो. "वाळवंटात लढलेली. हिला वाळूचं काय सांगता!" ती गाडी देहूरोडच्या बाहेर कधी गेली असेल असं मला वाटत नाही. पण बोलून गेलो.

आत्याला उचलून बसवायचं आणि टेकाडांना वळसा घालून कडक जमिनीवरून जोत्याकडं जायचं, एवढंच काम होतं. वळसा होता. रामभाऊनं तो आदल्या दिवशी चालून पाहिला होता आणि फांद्या रोवून खुणाही केल्या होत्या. मी आत्याजवळ गेलो. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं जीपकडं, मग टेकाडांकडं. ती मला फार चांगली ओळखत होती.

"जा," ती म्हणाली. "मार एक चक्कर. कवाधरनं जीव वरखाली व्हतोय तुजा. मी कुटं जातीय!"

हे मी इथं मुद्दाम लिहितो आहे, पण त्याचा आसरा घेत नाही. मुलाला खेळायला जा म्हणणं वेगळं आणि मुलानं जाणं वेगळं. मी तेव्हा मूल नव्हतो.

पहिल्या फेरीत मी रामभाऊच्या काकडीच्या पट्ट्याच्या कडेवरून गेलो. मागून त्याची हाक ऐकू आली आणि लोकांचं हसू. मग टेकाडाची चढण. चाकांखाली वाळू कुजबुजल्यासारखी वाजली, इंजिन घुसमटलं, मग घोड्यानं उसळी घ्यावी तशी गाडी वर आली आणि क्षणभर मी सगळ्या तळ्याच्या वर होतो. निळं आटलेलं पाणी, पलीकडचे डोंगर, दूर घाटाकडं सरकणारी आगगाडी. आणि खाली, टेकाडांच्या पलीकडं, वाळूतून वर आलेलं एक काळं चौकोनी जोतं. त्याच्या पुढच्या बाजूला लांबट गुळगुळीत दगड. आत्याचा उंबरा.

मी वळलो आणि खाली आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, अगदी पोरीसारखी. तिला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही, म्हणून ते हसू मला फार पुरवून वापरावं लागतं.

"अजून एक!" कुणीतरी ओरडलं. कोण ओरडलं ते मला आजवर कळलेलं नाही. मीच ओरडलो असेन असाही मला संशय आहे.

दुसरी फेरी. पुन्हा माथा, पुन्हा पाणी, डोंगर, उंबरा. तिसऱ्या फेरीला मी जोर वाढवला. गाडी माथ्यावर थांबली नाही, पलीकडच्या कड्यावरून उडाली आणि नाक खाली करून खळग्यात गेली.

सगळं शांत झालं. मग मी शहाण्या माणसानं करू नये ते केलं. जोर लावला. चाकं फिरली, वाळूचा फवारा उडाला, खालचा काळा गाळ वर आला, आणि गाडी एखादी कोंबडी अंड्यावर बसते तशी बूड हलवत हलवत खाली बसली. पुढच्या चाकांतली वेगळी ताकद तिनं पुढची चाकंही पुरायला वापरली. बॉनेटमधून वाफ निघायला लागली.

लोक टेकाड चढून वर आले आणि काठावरून खाली बघायला लागले, विहिरीत काही पडल्यावर बघतात तसे. "पानी घाला तिला, पानी," कुणी म्हणालं. वाफ बघून माझं डोकं फिरलं होतं. इंजिन फुटलं तर दादा काय म्हणेल, एवढंच डोक्यात. तळ्याचं पाणी दूर, मध्ये मांडीइतका गाळ. मी टेकाड चढून धावत उंबराखाली आलो. समोर पाण्यानं भरलेलं मडकं दिसलं. मी खरबूज काढून बाजूला ठेवलं, पानं काढली, मडकं उचललं आणि पळालो. सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. फस्सकन आवाज झाला. आत्याच्या घरातले सगळे, नवरा, सासूसासरे, त्यांच्या मागचे, ज्यांची नावं तिनं पहाटे पाणी भरताना घेतली होती, सगळे त्या एका फस्समध्ये गेले.

पाणी पुरलं नाही. मी पुन्हा उंबराखाली आलो. पाटीत आणखी एक मडकं होतं, आधी मला न दिसलेलं, मोठ्या मडक्याच्या आड. मुठीएवढं. मी त्याच्याकडं हात नेला.

आत्यानं त्याच्यावर आपला पंजा ठेवला.

"ह्ये न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ह्ये लहान्याचं हाय."

तेव्हा मला कळलं. ऐकलं सगळ्यांनीच होतं, की आत्याचं पहिलं मूल रांगायला लागलं होतं तेवढ्यात गेलं. लहान मुलाला जाळत नाहीत. त्याला उंबऱ्याच्या आत, डाव्या अंगाला पुरलं होतं. पुढच्याच वर्षी गाव उठलं.

"समदं नेलं रं," ती म्हणाली, मला म्हणाली की त्या मडक्याला ते सांगता येत नाही. "आडं नेलं, कवाडं नेली, तुळस नेली. त्येला कसं काडून न्यावं?"

मी रिकामं मडकं तिच्यासमोर ठेवलं.

यापुढची दुपार जीपची. चाकाखाली घालायला काहीतरी हवं, म्हणून मी इकडंतिकडं बघितलं आणि झोळीची घोंगडी ओढून घेतली. ती चाकांनी गाळात गिळली आणि फाडून बाहेर टाकली. मग वेळूची दांडी तरफ म्हणून घातली. ती मोडली. रामभाऊ समोर उभा होता. त्यानं एकदा मोडलेल्या दांडीकडं बघितलं आणि बैल आणायला गेला. कुणाकुणाचे बैल जुंपले, दोर तुटले, पुन्हा बांधले. मडकी ठेवायला आलेली माणसं आपली मडकी घाईनं ठेवून माझ्या गाडीला हात लावायला परत आली. उन्हं कलली. टेकाडांच्या सावल्या लांबल्या. आणि या सगळ्या वेळात आत्या उंबराखाली बसून होती. कुणी तिच्याकडं गेलं की म्हणायची, "आदी पोराची मोटार काडा."

दिवस मावळायच्या आत मडकं ठेवायचं असतं. ऊन डोंगराला टेकलं तेव्हा जीप बाहेर आली, पण चालू होईना. आत्या उठली. कुणाचा तरी हात धरून ती वाळूत गेली, टेकाडाच्या पायथ्यापर्यंत. वर चढणं तिला शक्य नव्हतं. वर चढली असती तर पलीकडं तिला उंबरा दिसला असता. मी तो तीनदा पाहिला. तिनं एकदाही नाही. तिनं ते मुठीएवढं मडकं टेकाडाच्या बुडाशी ठेवलं, वाळू हातानं सारखी केली आणि अंदाजानंच एका बाजूला तोंड करून हात जोडले. दरवर्षीसारखं.

परत येताना तिला जीपमध्ये बसवलं. पुढं बैलांची जोडी, मागं दोरानं ओढली जाणारी जीप, सुकाणू धरून मी आणि शेजारी आत्या. कुसगावात शिरताना पोरं मागं लागली. "आरं, मोटारीला बैल! मोटारीला बैल!" आत्या समोर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बसाय बरी हाय." माझ्या मोटारीतला तिचा हा एकच प्रवास, आणि तोही उंबऱ्याकडं पाठ करून.

वाळूत चालल्यानं तिचा गुडघा सुजला. रामभाऊनं नवी घोंगडी आणली, नवी दांडी तोडली. सूज उतरायची वाट बघत असतानाच कंपनीनं डोंगरावरच्या दुसऱ्या तळ्याचं पाणी आमच्या तळ्यात सोडलं, आणि एका सकाळी जोतं दिसेनासं झालं. "पुडल्या वरसाला बगू," आत्या म्हणाली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. त्याच्या पुढच्याही वर्षी. चांगल्या पावसानं मन खट्टू होणारे साऱ्या मावळात आम्ही तिघंच असू. मग एका थंडीत आत्या गेली. शेवटच्या दिवसांत ती मला पुष्कळ बोलली. कोंबड्यांबद्दल, दादाच्या खोकल्याबद्दल. त्या दुपारचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मी काहीतरी विनोद केला असता, हे तिला माहीत होतं.

जीप दादानं विकून टाकली. मी हरकत घेतली नाही. कधीकधी वाटतं, त्या दिवशी जे झालं त्याला हौस हे फार लाडकं नाव आहे. मला वाळूवर गाडी चालवायची नव्हती. वाळूवर गाडी चालवणारा मी कुणीतरी बघावा, एवढंच मला हवं होतं. आणि ज्या बाईनं जन्मभर मला बघितलं, तिला बघण्यासारखं दुसरं काहीतरी पलीकडं उघडं पडलं होतं, हे मला सहन झालं नाही की काय, कोण जाणे. इतकं खोल जायची मला सवय नाही. मी चटकन वर येतो.

तर यंदा तळं आटलं. आखितीच्या पहाटे मी कुसगावला गेलो. आत्याच्या विहिरीचं पाणी काढलं आणि दोन मडकी भरली, एक मोठं, एक मुठीएवढं. मोठ्यात आता तिचंही नाव होतं. तोंडांना फडकी बांधून, घोंगडीत गुंडाळून दोन्ही पाठीवर टाकली. रामभाऊ दारात आला, माझ्या पाठीवरचं गाठोडं बघितलं, मी आणलेलं खरबूज उचललं आणि बरोबर चालायला लागला. आमच्यात त्या दिवसापासून कामापुरतंच बोलणं होतं.

आम्ही वळशानं गेलो. कडक जमीन, मधून मधून वाळू. घाम आला, मडक्यांतलं पाणी पाठीमागं डुचमळत होतं, दमायला झालं असं मात्र नाही. एक टेकाड उजव्या हाताला टाकलं, दुसरं टाकलं, आणि समोर जोतं. मी थबकलो. मागं वळून बघितलं तर काठावरचा उंबर दिसत होता, त्याची पानंसुद्धा सुटी सुटी दिसत होती.

उंबरा मधोमध झिजलेला. शेवाळ सुकून त्याची पापडी झाली होती. मी मोठं मडकं बाहेर ठेवलं. लहान ठेवायला डावं अंग आत जातानाचं धरायचं की बाहेर येतानाचं, ते कळेना. रामभाऊनं बोटानं दाखवलं, आत जाताना डाव्या अंगाला. ठेवलं. वाळू हातानं सारखी केली. कुठंतरी टिटवी ओरडत होती. वारा सुटायला लागला होता, वाळूचे बारीक कण उंबऱ्यावरून सरकत होते.

काहीतरी बोलावं म्हणून मी बोललो. तीच जुनी खोड. म्हटलं, "त्या दिवशी मोटार रुतली नसती, तर आत्या इथवर आली असती रे."

रामभाऊ खाली बसून खरबूज मडक्यावर नीट बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मोटार रुतली व्हती, दत्तू," तो म्हणाला. "तुजी पाठ न्हवती रुतली."